कॉमिक आणि प्रिंट फेअरला पहिल्यांदा जाताय? खिशात भिंग ठेवा

पहिल्या फेअरहून परतले तेव्हा माझ्या फोनमध्ये साडेतीनशे फोटो होते आणि पिशवीत मूठभर व्हिजिटिंग कार्डं. फोटो पुन्हा कधी उघडले नाहीत. कोणतं कार्ड कोणत्या टेबलावरचं, हे दोन दिवसांत विसरले. इलस्ट्रेशन शिकत होते, ‘प्रेरणा घ्यायला’ म्हणून गेले होते, आणि पायांचे तुकडे पडेपर्यंत फिरून जे पाहिलं त्यातलं बहुतेक घरी बसून स्क्रीनवरही दिसलं असतं.

पुढे बरीच फेअर पालथी घातली आणि एक मत पक्कं झालं. चित्र फोनवर दिसतं. फेअरमध्ये दिसते ती छापलेली वस्तू: तिचा कागद, तिची घडी, शाईचा वास, पिन कुठे मारली ते, आणि हे सगळं करून टेबलामागे बसलेला माणूस. विद्यार्थ्याने जायचं ते यासाठी. खाली लिहिलंय ते सगळं या एका मतातून आलेलं आहे, त्यामुळे मत पटत नसेल तर पुढचं अर्धं सोडून दिलंत तरी चालेल.

कुठे जायचं ते आधी ठरवा

‘फेअर’ या एका नावाखाली निरनिराळ्या गोष्टी भरतात. मोठ्या कॉमिक कन्व्हेन्शनमध्ये सिनेमे, गेम, खेळणी, पात्रांचे पोशाख घालून आलेली मंडळी असा सगळा गजर असतो. चित्रकारांची टेबलं एका बाजूला ‘आर्टिस्ट अ‍ॅली’ नावाच्या रांगांमध्ये असतात. नकाशा मिळाला की थेट तिकडे चालू लागा, नाहीतर दारातल्या झगमगाटातच दुपार होते.

स्मॉल प्रेस किंवा झाइन (स्वतःच काढून, छापून विकलेली छोटी पुस्तिका) फेअर याच्या अगदी उलट. एक हॉल, ओळीने मांडलेली टेबलं, आणि ज्यांनी काढलं, छापलं, दुमडलं तीच माणसं विकायला बसलेली. प्रिंट फेअरमध्ये लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा), एचिंग (धातूच्या पत्र्यावरून), स्क्रीन प्रिंट (जाळीतून शाई दाबून) अशा हातछपाईच्या सुट्या प्रती असतात. तिथली हवा जरा गॅलरीसारखी, आवाज हळू. आर्ट बुक फेअरमध्ये पुस्तक हीच कलाकृती असते. न्यूयॉर्कची ‘प्रिंटेड मॅटर’ ही संस्था १९७६ पासून कलावंतांच्या अशा पुस्तकांचं काम करते आणि २००६ पासून तिथे फेअर भरवते.

आकाराने दबून जाऊ नका. टोकियोचं ‘कॉमिकेट’ हे कॉमिक फेअर डिसेंबर १९७५ मध्ये पहिल्यांदा भरलं तेव्हा ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं होती. आता तिथे काही लाख लोक येतात. फ्रान्समधल्या आंगुलेमचा कॉमिक महोत्सव १९७४ मध्ये सुरू झाला आणि पुढे सगळ्या गावात पसरला. अशा ठिकाणी मूळ पानांची प्रदर्शनं असतात, आणि ती संधी सोडू नये. पण पहिल्याच वेळी जायचं असेल तर मी झाइन फेअरच सुचवेन. दोन तासांत पाहून होतं, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस समोरच असतो.

आदल्या दिवशी

सहभागी चित्रकारांची यादी बहुतेक फेअर आधी जाहीर करतात. ती उघडा आणि दहाच नावं निवडा. दहापैकी निदान तीन अशी असू द्यात की ज्यांचं काम तुम्हाला आवडलेलं नाही, पण छपाई कशी केलीय ते कळत नाहीये. आवडणाऱ्या कामापुढे आपण नुसते खूश होतो. न कळणाऱ्या कामापुढे थांबून बघावं लागतं.

मग स्वतःच्या चालू कामातला एक अडलेला प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ‘प्रेरणा हवी’ हा प्रश्न नव्हे. ‘दोनच रंगांत रात्र कशी दाखवायची’, ‘संवाद नसलेल्या पानावर वाचकाची नजर कुठून कुठे न्यायची’, ‘लहान मुलांच्या चित्रात पार्श्वभूमी कितपत काढायची’, अशा जातीचा प्रश्न हवा. तो डोक्यात घेऊन गेलात की शंभर टेबलांपैकी आठ-दहा टेबलं आपोआप हाक मारतात.

पिशवीत काय घ्यायचं? खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग. प्रिंट न वाकता आणायला दोन कडक पुठ्ठे किंवा कडक फोल्डर. प्रत्येक प्रिंटमध्ये घालायला ट्रेसिंग पेपरचे किंवा साध्या पातळ कागदाचे तुकडे. हे मी चुकीतून शिकले, ते पुढे येईलच. सुटे पैसे, कारण लहान टेबलांवर मोठी नोट मोडणं म्हणजे दोघांनाही ताप. पाणी. आणि हात पुसायला रुमाल, कारण घामट बोटांनी कुणाच्या न विकलेल्या प्रतीवर ठसा उमटवण्यासारखं ओशाळवाणं दुसरं काही नाही.

पहिला फेरा रिकाम्या हाताने

हॉलमध्ये शिरल्यावर एक अख्खा फेरा काहीही न घेता, फोटो न काढता, फारसं न थांबता मारा. वहीत फक्त टेबलाचा क्रमांक आणि एक शब्द: ‘निळा’, ‘घडी’, ‘हात कसे काढलेत’. पुढचं बघणं दुसऱ्या फेऱ्यात. सकाळी दार उघडल्यावर लगेच गेलात तर गर्दी कमी असते आणि टेबलामागची माणसं ताजी असतात. दुपारनंतर त्यांच्या चेहऱ्यावर दिवस दिसायला लागतो.

आता वस्तू हातात घ्या

झाइन हातात घेण्याआधी ‘बघू का?’ असं विचारा. टेबलावर ‘नमुना प्रत’ ठेवलेली असेल तर तीच चाळा. मग आधी चित्र बघूच नका. प्रत मिटलेली असतानाच वजन जोखा, कागदाची कड बोटाने तपासा. नेहमीचा प्रिंटरचा कागद ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, असतो. मुखपृष्ठाला बरेचदा दोनशेच्या पुढचा जाड कागद वापरतात. आतला कागद पिवळसर आहे की पांढराफेक, मागच्या पानावरचं चित्र इकडे झिरपून दिसतं का? दिसत असेल तर चित्रकाराने त्यावर काय तोड काढलीय, हे पाहण्यासारखं असतं. कुणी मागे फक्त फिकट रंग ठेवतं, कुणी ते झिरपणंच गोष्टीत वापरतं.

मग मधलं पान उघडा. पिन मारलेली पुस्तिका दुमडलेल्या कागदांची असते, त्यामुळे तिची पानं नेहमी चारच्या पटीत: ८, १२, १६, २०. यातला एक परिणाम मला कुणी वर्गात सांगितला नव्हता. अशा पुस्तिकेत आतलं डावं-उजवं पान सलग एकाच कागदावर येतं ते फक्त मधोमध. बाकी प्रत्येक जोडपान दोन निराळ्या कागदांवर छापलेलं असतं, आणि दुमडताना केसभर जरी सरकलं तरी चित्र तुटतं. म्हणून अनुभवी माणूस आपलं मोठं दृश्य नेमकं मध्यावर आणतो. म्हणजे गोष्टीचा वेग पिनेच्या जागेवरून ठरलेला असतो! सोळा पानांची चार-पाच झाइन ओळीने मध्यावर उघडून बघा, खात्री पटेल.

आता भिंग काढा. रंगीत जागेवर धरल्यावर चार रंगांचे ठिपके फुलांच्या आकारात गुंफलेले दिसले तर ती ऑफसेटसारखी चाररंगी छपाई: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. ठिपक्यांना रचनाच नाही, नुसता बारीक फवारा दिसतो, तर बहुधा इंकजेट. ठिपकेच नाहीत, रंग सपाट आणि कागदावर थरासारखा बसलेला, कडेला बोटाला उंचवटा जाणवतो, तर स्क्रीन प्रिंट असण्याचा संभव मोठा. काही जण ठिपके मुद्दाम काढतात. बेंजामिन डे या अमेरिकन चित्रकार-मुद्रकाच्या नावाने ओळखली जाणारी, १८७९ पासूनची ठिपक्यांची छटा पुढे स्वस्त रंगीत कॉमिकची ओळख बनली, आणि आज कॉम्प्युटरवर काम करणारेसुद्धा ती हौसेने घालतात. भिंगाखाली मोठा ठिपका स्वतः अजून बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला, की समजा हौस आहे.

हातछपाईची प्रिंट शक्य तर डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून, तिरप्या उजेडात बघा. एचिंगमध्ये धातूचा पत्रा दाबाखाली कागदात रुतलेला असतो. चित्राभोवती त्याची चौकट खोलगट उमटते आणि शाईच्या रेषा कागदावर किंचित उठून येतात. लिनोकट आणि वुडकटमध्ये शाई उंच भागावर लावलेली असते, तेव्हा दाबल्यावर ती आकाराच्या कडेला सरकून गडद काठ तयार होतो. पांढऱ्या जागेत कोरणीच्या तुटक रेघा राहिलेल्या दिसतील. त्या राहिल्यात की ठेवल्यात, हे विचारायला मजा येते. आणि अक्षरं? ठशावर ती सगळी उलटी कोरावी लागतात. लिनोवर सुबक अक्षरं कोरणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

रिसोग्राफवर थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण झाइन फेअरमध्ये तुम्हाला त्यावरची छपाई पदोपदी भेटणार. हे जपानी यंत्र १९८० च्या दशकात आलं ते शाळा-कचेऱ्यांत पत्रकं भराभर छापायला. चित्रकारांनी ते नंतर आपलंसं केलं. रंगागणिक शाईचा वेगळा ड्रम (नळकांडं) लागतो. दुसरा रंग हवा तर ड्रम बदलून तोच कागद पुन्हा यंत्रात घालायचा. प्रत्येक फेरीला कागद जरासा इकडेतिकडे होतो, म्हणून लाल गाल चेहऱ्याबाहेर गेलेला किंवा दोन रंगांमध्ये पांढरी फट राहिलेली दिसते. शाई पारदर्शक असते, त्यामुळे गुलाबीवर निळा चढला की जांभळा फुकटात मिळतो: दोन ड्रम, तीन रंग. तिचा तो झगझगीत गुलाबी स्क्रीनवर धडपणे उमटतच नाही. इतका वेळ वस्तू बघा म्हणून जे सांगतेय, त्याचा पुरावा हवा असेल तर तो गुलाबी बघा.

ही शाई पुरती वाळत मात्र नाही. माझ्या दुसऱ्या फेअरला मी रिसोची एक गुलाबी प्रिंट आणि पांढऱ्या मुखपृष्ठाचं एक झाइन एकाच पिशवीत कोंबून आणलं. घरी पोचेतो झाइनवर गुलाबी ढग उमटला होता. म्हणून ते कागदाचे तुकडे.

प्रिंटच्या खालच्या कडेला पेन्सिलने ७/४० असं लिहिलेलं असतं. एकूण चाळीस प्रती, त्यातली ही सातव्या क्रमांकाची. सातवा म्हणजे यंत्रातून सातवी निघाली असंच काही नाही. सही करताना जो क्रम लागला तो. ‘एपी’ म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी राखलेल्या प्रती. क्रमांकच नसेल तर बहुधा मर्यादा ठेवलेली नाही, हव्या तितक्या छापणार. एकाच प्रिंटच्या दोन प्रती शेजारी ठेवून दाखवायला चित्रकार तयार असेल तर जरूर बघा. जपानी चित्रकार होकुसाईची ती सुप्रसिद्ध लाट, १८३१ च्या सुमाराची, तिच्या जगभरच्या संग्रहालयांतल्या प्रतीही एकमेकींसारख्या नाहीत; ठसा झिजत गेला तशा नंतरच्या प्रतींत रेषा तुटल्या. चित्र होकुसाईचं, पण लाकूड कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, भांडवल घालणारा प्रकाशक वेगळा. आज झाइनच्या टेबलामागे ही चारही कामं केलेलं एकच माणूस बसलेलं असतं, ते दमलेलं दिसलं तर नवल नाही.

मूळ पानांचं प्रदर्शन असेल तर तिथे वेळ जास्त द्या. अमेरिकन कॉमिकची मूळ पानं साधारण ११ बाय १७ इंचांच्या कागदावर काढलेली असतात आणि लहान करून छापली जातात. छापील पानावर सफाईदार वाटणारी रेषा मुळात किती ओबडधोबड असते, ते पाहून जीव भांड्यात पडतो. पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका, नव्याने काढून वर चिकटवलेले चेहरे, जुन्या छपाईच्या कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या फिकट निळ्या पेन्सिलचे आराखडे. माझ्या वहीतली सर्वांत उपयोगी टिपणं अशा पानांसमोर उभी राहून केलेली आहेत.

टेबलामागच्या माणसाशी बोलताना

बुजरेपणा दोन्ही बाजूंना असतो, हे ध्यानात ठेवा. दिवसभर लोक ‘छान आहे’ म्हणून पुढे जाताना पाहून समोरचा माणूसही कंटाळलेला असतो. तुम्ही ‘हा निळा दोन थरांचा आहे का?’ असं विचारलंत की चेहरा उजळतो. सुरुवात वस्तूपासून करा. कागद कुठला, कितव्या प्रयत्नाला जमलं, यात काय बिघडलं होतं. शेवटचा प्रश्न माझा लाडका. यशाबद्दल विचारलं तर माणसं पाठ केल्यासारखं बोलतात, बिघडलेल्याबद्दल विचारलं तर टेबलाखालून खोके काढून दाखवतात.

‘कोणता ब्रश वापरता?’ हे विचारू नका असं नाही, पण उत्तराचा उपयोग थोडाच. ‘यातून किती सुटतात?’ हे तर नकोच. मोठा पोर्टफोलिओ उघडून ‘माझं काम बघाल का?’ हेही गर्दीच्या वेळी नको. बघून देणं हे स्वतंत्र काम आहे आणि काही फेअरमध्ये त्यासाठी वेळ नेमून दिलेली असते. आणि गिऱ्हाईक आलं की बोलणं अर्धवट असलं तरी चटकन बाजूला व्हा. त्या टेबलाचं भाडं त्यांनी भरलेलं आहे.

फोटो काढायचा तर विचारून. मी आता दिवसभरात दहाच्या वर काढत नाही, आणि तेसुद्धा मांडणीचे: टेबलावर उंची कशी तयार केलीय, किंमत कुठे लिहिलीय, काय पुढे आणि काय मागे ठेवलंय. पानांचे फोटो काढून नेणं म्हणजे न विकत घेता वाचणं. त्यापेक्षा वहीत त्या पानाची अंगठ्याएवढी चौकट काढा: काळं कुठे, पांढरं कुठे, नजर कुठून शिरते. तीस सेकंदांचं काम आहे, पण हाताने केलेलं असल्याने विसरत नाही.

घ्यायचं काय

आकडा घरून ठरवून जा आणि तेवढेच पैसे वेगळ्या खिशात ठेवा. आवडलेलं एक घ्या, आणि न उलगडलेलं एक घ्या: ज्याची घडी, बांधणी किंवा रंग तुम्हाला घरी जाऊन शांतपणे सोडवायचाय ते. दुसरं बहुतेकदा स्वस्त, छोटं, कुणीतरी फोटोकॉपीवर काढलेलं असतं आणि त्यातूनच जास्त शिकायला मिळतं. पैसे नसतील तर लाजू नका. कार्ड घ्या आणि मागच्या बाजूला लगेच, तिथेच, एक ओळ खरडा: ‘टेबल १४, जांभळं मांजर, दोन रंग’. ती ओळ नसेल तर कार्ड कचऱ्यात जाणार, हे मी अनुभवाने सांगते.

त्याच रात्री आणि त्या आठवड्यात

दमलेले असलात तरी झोपण्यापूर्वी वहीत अर्धं पान लिहा. पहिल्या पानावरच्या प्रश्नाला काय उत्तर मिळालं? मिळालं नसेल तर कोणता नवा प्रश्न पडला?

नकल करण्याबद्दल लोक उगाच घाबरतात. आवडलेल्या पानाची हुबेहूब नकल घरच्या वहीत खुशाल करा, रेषा कशी वळते ते कळायला त्याहून बरा उपाय नाही. ती फक्त बाहेर दाखवायची नाही, विकायची तर नाहीच. बाहेर आणायचं ते तत्त्व: ‘काळा रंग सोडून गडद निळ्याने रेषा काढायची’ हे कुणाच्या मालकीचं नाही, पण ‘जांभळं मांजर’ मालकीचं आहे.

मग आठवड्याच्या आत एका कागदाचं आठ पानी झाइन करा. ए४ कागद आडवा धरून घड्या घालून आठ चौकोन पाडा, वर चार, खाली चार. कागद मधोमध असा दुमडा की दोन्ही आखूड कडा जुळतील, आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या आडव्या घडीवर कात्री चालवा, पुढच्या उभ्या घडीपर्यंतच. उघडा, लांबीच्या घडीवर दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला. मधली चीर उघडून अधिक चिन्हासारखा आकार होईल. तो मिटला की ७४ बाय १०५ मिलिमीटरची पुस्तिका हातात येते, एकही पिन न मारता.

काढायला बसण्याआधी कोऱ्या कागदाची अशी एक पुस्तिका करून पानांवर आकडे घाला आणि ती पुन्हा उलगडा. खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ येतील आणि वरच्या ओळीत ५, ४, ३, २, ते सगळे डोक्यावर उभे. हा कोरा नमुना समोर ठेवूनच काढायचं. एकच बाजू छापायची असल्याने साधी फोटोकॉपी पुरते. दहा प्रती काढा आणि पुढच्या फेअरला घेऊन जा. झाइनवाल्यांत अदलाबदल सर्रास चालते. दुपारी टेबल रिकामं असताना ‘बदली करता का?’ असं विचारून बघा. नाही म्हणाले तर हसून पुढे व्हा.

मी नमुना न करताच काढायला बसले होते. पहिल्या प्रतीत चौथं पान उलटं आलं, आणि त्यावरचा माणूस छताला पाय लावून चहा पितोय. ती प्रत मी ठेवून घेतली. बाकीच्या नऊ दुरुस्त करून नेल्या, त्यातल्या सहा बदलीत गेल्या.